उत्तरवाऱ्याची सात बाळं

"वही उंदरांनी खाल्ली," नगरपालिकेचे कारकून साव्हेरिओ तिसऱ्यांदा म्हणाले. पण अस्सुंताची नजर त्यांच्या डुगडुगत्या कपाटाखाली गेली होती. तिथे टेकू म्हणून सरकवलेली जाड, काळी वही!

सुट्टी लागल्यापासून अस्सुंता आणि तिचा भाऊ मिम्मो तीच शोधत होते. गावातल्या जुन्या अनाथाश्रमाच्या भिंतीत फिरता पाळणा होता. कुणी बाहेरून त्यात बाळ ठेवून आत फिरवलं की आश्रमाचा कारकून वहीत नोंद करून त्याला आडनाव देई आणि बाळ वाढायला कुठल्यातरी खेड्यात जाई. शेजारचे गाएतानो आजोबा असेच आलेले. आडनाव त्रामोन्तानो, म्हणजे उत्तरेकडचा वारा. फिलोमेनाआजीचंही तेच. तरुणपणी दोघं लग्नाला उभी राहिली, तेव्हा पाद्रीबाबांनी वही न उघडताच अडवलं: आडनाव एक, आश्रमात आल्याचा आठवडा एक, म्हणजे तुम्ही जुळी भावंडं. दोघांनी मान खाली घातली. मग जन्मभर समोरासमोरच्या घरांत एकेकटी राहिली. फेब्रुवारीत आजी गेली. आता आजोबांना एवढंच हवं होतं, दोघांच्या आईचं नाव. तिच्यासाठी प्रार्थना करता यावी म्हणून.

दुपारी जेवून साव्हेरिओ घोरू लागले. मुलांनी हळूच विटा आणल्या.

"कपाट पडलं तर?" मिम्मो कुजबुजला.

"तर पळ. तेवढं तरी येतं ना तुला?"

वही निघाली, विटा आत गेल्या. बाहेर पायरीवर बसून अस्सुंता वाचू लागली. त्या आठवड्यात सात बाळं आली होती. साती त्रामोन्तानो. समासात लिहिलं होतं, 'उत्तरेचा वारा थांबेना.' फिलोमेनाची नाळही सुकलेली नव्हती. गाएतानोला दोन दात आले होते. आईचं नाव मात्र कुणापुढेच नव्हतं.

"जुळी कसली! ती भावंडंच नव्हती," मिम्मो म्हणाला. "ताई, आजोबांना नको सांगूया."

"ते विचारतील. मग खोटं तू बोलशील?"

मिम्मोने वही काखेत मारली आणि दोघं आजोबांच्या घराकडे निघाली.

आजोबांनी शेवटपर्यंत ऐकलं. संध्याकाळी नगराध्यक्षांनी साव्हेरिओंना चौकात फैलावर घेतलं आणि मुलांचं तोंडभरून कौतुक केलं. नवे पाद्रीबाबाही शाबास म्हणाले. सगळे पांगल्यावर आजोबांनी अस्सुंताच्या डोक्यावर हात ठेवला.

"हुशार आहात, पोरांनो," ते म्हणाले. "पन्नास वर्षं आधी जन्मायला हवं होतं तुम्ही."