दुसरा नकार

गिऱ्हाईक फोटो काढायचं तेव्हा ऋजुताचा चेहरा त्यात येत नसे. आंब्याचं कलम स्पष्ट दिसे, पिशवी धरलेले मातीचे हात दिसत आणि गळ्याच्या वर नुसता धूसर डाग. दापोलीजवळच्या त्या रोपवाटिकेत येणाऱ्यांना त्याचं आता काही वाटत नव्हतं. मनगटावर 'कडी' बांधलेली माणसं फोटोत अशीच येतात, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं.

म्हणूनच त्या दुपारी चिपळूणहून आलेल्या एका बाईंनी कौतुकानं फोन पुढे केला, तेव्हा फोटोत कोण आहे हेच ऋजुताला आधी कळेना. कपाळावरची बट, डाव्या भुवईतली जुनी खूण, सगळं लख्ख. दोन वर्षांत तिनं स्वतःला आरशाबाहेर पाहिलंच नव्हतं. "किती गोड आलायत हो," बाई म्हणाल्या, आणि ऋजुताच्या हातातलं कलम खाली पडलं.

कडी म्हणजे दिसायला साधा पट्टा, पण त्यामागची युक्ती मोठी होती. माणसाचा चेहरा, आवाज, पत्ता, म्हणजे ज्यावरून आंतरजालात त्याचा माग काढता येतो ते सगळं, एका कुलपात बंद. ते उघडल्याशिवाय कुठलाही कॅमेरा किंवा फोन ते साठवू शकत नसे. त्या कुलपाची किल्ली कंपनीकडे नाही, सरकारकडेही नाही. तिचे पाच तुकडे करून आपणच निवडलेल्या पाच राखणदारांना वाटायचे. कुणी विचारणा केली की पाचही जणांच्या कड्या वाजत. तीन होकार आले की कुलूप उघडायचं, आणि एकदा उघडलं की नवी किल्ली पाडेपर्यंत ते सगळ्या जगाला उघडं. दोन नकार आले की विचारणाऱ्याला ते कायमचं बंद. खुद्द मालकाला मात्र विचारत नसत, कारण त्याचा होकार कुणीही धाकानं काढू शकतो. त्याला वेळेवर सावध करण्याचं काम राखणदारांचं. एकाला फसवता येईल, पाच जणांना नाही, असा सगळा हिशेब. तो मांडणाऱ्या गटात ऋजुताची आई अनघा होती, आणि ऋजुताच्या पाच राखणदारांतही होती.

ऋजुताला कुणीच सावध केलं नव्हतं.

संध्याकाळी फाटकाशी मिहीर उभा होता. ज्याच्या घरातून दोन वर्षांपूर्वी ती मोडका हात गळ्यात बांधून निघाली, तो तिचा नवरा. त्यानं आवाज चढवला नाही, आतही आला नाही. फक्त हसला. "तुझ्या परसातली तगर छान फुललीय," एवढंच म्हणाला आणि गाडीत बसून निघून गेला. ऋजुतानं फाटक आतून लावून घेतलं. रोपवाटिकेचे मालक परचुरेकाका बऱ्यापैकी हुशार. त्यांनी काही विचारलं नाही, तिला जीपमध्ये घालून आधी पोलिसांकडे नेलं आणि मग आईकडे जायला मिरजेच्या गाडीत बसवून दिलं.

गाडीत तिनं एकेका राखणदाराला फोन लावला. मंदारमामानं होकार दिल्याचं लपवलंही नाही. मिहीर म्हणे रडला होता, माफी मागायची आहे म्हणाला होता. पोरींचे पत्ते घरच्यांना ठाऊक असायलाच हवेत, आमच्या रेवाचंही मी तेच सांगतोय, असं वर त्यानं तिलाच ऐकवलं. रेवा त्याची मुलगी. ठरवलेल्या लग्नाला नाही म्हणाली म्हणून त्यानं तिला खोलीत कोंडलं होतं, आणि संधी मिळताच ती घर सोडून गेली होती. आईच्या शेजारच्या स्मिताकाकूंना मामाचा होकार दिसला. घरच्यांनीच हो म्हटल्यावर आपण मध्ये कशाला पडायचं, असं त्यांना वाटलं. जिवाभावाची मैत्रीण तन्वी कुणाच्या तरी हळदीला होती. कडी थांबेना म्हणून तिनं न बघता होकार दाबला आणि विसरून गेली.  शाळेतले देवधर सर मात्र म्हणाले की त्यांना नकार द्यायचा होता, पण तिची आई आहेच म्हणून ते थांबले.

आईनं फोन उचलला नाही. ऋजुताला खरं तर तेव्हाच कळायला हवं होतं. पण गाडी कराडला पोचेपर्यंत ती स्वतःला समजावत राहिली की आईचा एक तरी नकार असेल.

अनघानं दार उघडलं, लेकीला पाहिलं आणि स्वयंपाकघरात जाऊन चहाचं आधण ठेवलं. ऋजुता ओट्याला टेकून उभी राहिली. बाकीच्यांचा तिला राग आला होता. आईसमोर मात्र काहीतरी आतून तुटल्यासारखं झालं.

"तुझी कडी वाजली होती?" तिनं विचारलं.

"वाजली."

"मिहीरचं नाव होतं?"

अनघानं होकारार्थी मान हलवली.

"मग तू काय केलंस?"

"काहीच नाही." अनघा पातेल्यातल्या पाण्याकडे बघत होती. "नकार देणाऱ्याचं नाव विचारणाऱ्याला दिसतं. तो नियम माझाच आहे. लपूनछपून काही नको, म्हणून मी भांडून घातला होता. मिहीरला माझं नाव दिसलं असतं, मंदारलाही कळलं असतं. आणि माझ्या एकटीच्या नकारानं काय होणार होतं गं? दोन लागतात. मला वाटलं, सर देतील, मग मीही देईन."

"सरांनाही तसंच वाटलं, तू देशील म्हणून."

अनघानं आचेवरचं पातेलं उतरवलं. चहाची पूड टाकायची राहिली होती.

"तुला वाईटपणा नको होता," ऋजुता म्हणाली. "मामानं निदान हो म्हटलं, आई. तू तोंडात मिठाची गुळणी धरून बसलीस. माझा हात कसा मोडला ते सगळ्यांत आधी तूच पाहिलं होतंस."

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, असं तिला वाटलं. यात गंमत अशी की कापणाऱ्या पाचांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. प्रत्येकाकडे किल्लीचा एकच तुकडा, म्हणून दोषाचाही एकच तुकडा, तोही सहज खिशात मावणारा. अनघा रडली नाही. माफी मागायला तिनं तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आत दोघींच्या कड्या एकदमच वाजल्या.

दोघी रेवाच्या राखणदार होत्या. पट्ट्यावर विचारणाऱ्याचं नाव उमटलं होतं: मंदार. त्याखाली पाचांपैकी दोन दिवे आधीच हिरवे झाले होते. आणखी एक हिरवा झाला की रेवा कुठे आहे ते तिच्या बापाला कळणार होतं, आणि तिथून मागे आणून त्या खोलीत टाकायला त्याला फार वेळ लागला नसता.

ऋजुताच्या डोळ्यांसमोर मामा आला. मोडलेल्या हाताला प्लॅस्टर घालून घेताना त्यानंच तिला धरलं होतं, वकिलाकडेही तोच घेऊन गेला होता. आता नकार दिला की त्याच्या घरचं दार तिला बंद होणार. इतकी चिडलेली असूनही तिचा अंगठा क्षणभर अडखळला, आणि आईला तेव्हा काय झालं असेल ते तिला नको असताना समजलं. मग तिनं नकार दाबला.

एक दिवा लाल झाला. शेजारी तिचं पूर्ण नाव उमटलं, आणि खाली बारीक अक्षरं: आणखी एक नकार हवा.

पाचवा राखणदार कोण हे तिला माहीत नव्हतं. तो जागा असेल, मांडवात असेल, कुणाच्या तरी भरवशावर बसला असेल. चौथी समोरच उभी होती.

ओट्यावरचा अनघाचा फोन वाजू लागला. मंदारचाच होता. भाचीचं नाव वाचल्यावर तो बहिणीला फोन करणार, हे उघडच होतं. अनघानं फोनकडे पाहिलं, मनगटाकडे पाहिलं. ऋजुतानं तिला काही सांगितलं नाही. सांगून मिळालेला नकार तिला नकोच होता.

फोन वाजत होता, कडीही वाजत होती. अनघाचा हात उचलला गेला. तो आधी कुठे जाणार होता?