डोहातले फेरे

१९३८ च्या दिवाळीनंतर पवनेचं पाणी मोजायला मी तिकोणा पेठेत मुक्काम केला होता. पुढेमागे धरण बांधायचं झालं, तर नदीतून किती पाणी वाहतं हे आधी कळायला हवं होतं. उथळ जागी काम सोपं असे. नदीवर दोन दोर आडवे बांधायचे, वरच्या दोरापाशी रंगवलेला लाकडी ठोकळा सोडायचा आणि खालच्या दोरापर्यंत पोचायला त्याला किती वेळ लागतो ते बघायचं. खोल पाण्यासाठी यंत्र होतं. पाण्याच्या ओढीनं त्याच्या पितळी वाट्या गोल फिरत आणि दर फेऱ्याला तारेतून कानाशी धरलेल्या डबीत ‘टक्’ असा आवाज येई.

नाव राजमहंमदभाईंची होती. पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांची बायको खतीजा धुणं धुताना पाय घसरून इथल्याच डोहात गेली होती आणि सापडली नव्हती. हे मला गावात कळलं. ते स्वतः कधी बोलले नाहीत.

त्या दुपारी आम्ही डोहात नाव घातली. ठोकळा सोडला, तर तो नावेशेजारीच उभा राहिला. पाण्याला ओढच नव्हती. तरी रीत म्हणून मी यंत्र तळाशी सोडलं.

टक्. टक्. टक्.

मी यंत्र वर काढलं, पुसलं, बॅटरी बदलली, पुन्हा सोडलं. ठोकळा हलला नव्हता. आवाज मात्र येत होता. आधी सावकाश, मग भरभर, मग थांबून पुन्हा सावकाश. वाहतं पाणी असं मध्येच थांबत नाही.

“काय झालं, गंगाधरराव?”

“पाणी उभं आहे आणि वाट्या फिरताहेत.”

त्यांनी हात पुढे केला. मी डबी दिली. ते बराच वेळ ऐकत राहिले. त्यांचा चेहरा एकदम तरणा दिसायला लागला.

“जातं हाय,” ते म्हणाले. “थांबती तवा दाण्यांची मूठ घालती.”

“कोण?”

“खतीजा. हात दुखायचा तिचा. म्हून मदी दम घेती.”

तारेत बिघाड असेल, असं मी सांगितलं. त्यांनी माझं मन राखायला मान हलवली.

मग रोज दुपारी, मी न सांगताच, नाव डोहाकडे वळायची. ते धुतलेला सदरा घालून येऊ लागले. मीही ऐकायचो. मधल्या शांततेत मी जातं पुन्हा फिरायची वाट बघायचो.

काम संपलं. मी म्हणालो, “आज शेवटचं, राजमहंमदभाई.”

“हितनं बोललं तर खाली जाईल का?”

“नाही. यातून फक्त ऐकू येतं.”

तरी त्यांनी डबी तोंडाशी नेली.

“खतीजा, आपल्या हसिनाची काळजी करू नगं. कामशेतला दिली तिला. माणसं लय चांगली हायती. दिवस गेल्यात पोरीला.” ते सदऱ्याच्या बाहीत तोंड घालून रडले.

मला ते बघवेना. मी पाठ करून यंत्र वर ओढलं. वाट्या थांबल्या होत्या, पाणी गळत होतं. स्क्रू ढिले केले. तारेची दोन्ही टोकं यंत्रापासून सुटून माझ्या हातात आली.

राजमहंमदभाईंनी डबी कानाला लावली होती.

“व्हय,” ते म्हणाले.

थोड्या वेळानं पुन्हा, “व्हय.”

“राजमहंमदभाई, तार सोडवली मी.”

त्यांनी हातानंच मला गप्प राहायला सांगितलं. ते हसत होते. मग हळूहळू ते हसू गेलं.

“हसिना?” त्यांनी विचारलं. “ती तितं कवा आली?”