एकशे बारा निर्मळ सामने

कबड्डी महासंघाच्या वार्षिक अहवालात एक विधान ठळक अक्षरांत छापलेले होते : ‘तेजस इनामके यांनी आपण समलिंगी असल्याचे जाहीर केल्यानंतरच्या एकशे बारा सामन्यांत एकाही प्रेक्षकाने त्यांच्याविषयी अपशब्द उच्चारल्याची नोंद नाही.’

विधान शब्दशः खरे होते. नोंद नव्हतीच. नोंद घेणारे यंत्र आणि अपशब्द पुसणारे यंत्र एकच होते, एवढा तपशील अहवालकर्त्यांनी विस्तारभयास्तव गाळला होता. या अहवालासाठी महासंघाला सहिष्णुतेचा पुरस्कार मिळाला. समारंभात भाषणे करणाऱ्यांपैकी दोघे मैदानाच्या पहिल्या रांगेत बसत. तिथे ते काय ओरडत, याचीही नोंद नाही.

तेजसला यातले काहीच ठाऊक नव्हते. प्रतिस्पर्ध्यांच्या अंगणात एकट्याने शिरायचे, दम घुमवत गडी बाद करायचे आणि परतायचे, हे त्याचे काम. कोलाहलात पंचांचा आवाज ऐकू यावा म्हणून व्यावसायिक खेळाडू कानात हरभऱ्याएवढे यंत्र घालत. त्याला कर्णिका म्हणत. ध्वनी म्हणजे हवेतली लाट. तिच्या प्रत्येक उंचवट्यासमोर तेवढाच खळगा उभा केला, की दोन्ही एकमेकांना गिळतात आणि कानाला शांतता लाभते. हे तत्त्व जुनेच. कर्णिकेची करामत अशी, की ती अर्थ ओळखून गिळत असे. शिवी कुठली आणि शाबासकी कुठली, हे तिला शिकवलेले होते. प्रक्षेपणाचा आवाजही याच गाळणीतून जाई.

तीन वर्षे तेजस टाळ्यांत न्हात होता. म्हणूनच त्याच्या गावचा, जिल्हा संघातून खेळणारा किसन लोखंडे याने फोन केला तेव्हा तो निःशंकपणे बोलला.

“तेजसदादा, मलाही सांगून टाकायचंय. खरं सांग, लोक कसे वागतात?”

“एक शिवी कानावर आलेली नाही, किसन. शपथेवर सांगतो.”

“आमच्याकडचं पब्लिक वेगळं आहे.”

“पब्लिक सगळीकडे तेच. तुझी चढाई बघून शिव्या पडतात, त्या वेगळ्या.”

किसन हसला. आठवड्याने त्याने जाहीर केले, आणि पुढच्याच सामन्यात लोक कुंपण ओलांडून आत आले. जिल्ह्याच्या मैदानांवर कर्णिका नव्हत्या. असत्या तरी त्या लाथा गिळत नाहीत. कुणाची तरी टाच त्याच्या गळ्यावर पडली. तो जगेल, डॉक्टर म्हणाले, पण स्वरयंत्र चिरडले आहे. दम घुमवता येणार नाही. तेजस भेटायला गेला तेव्हा किसनने मोबाइलवर एक ओळ टंकून त्याच्यासमोर धरली : ‘तू ऐकलंस ते कुठलं मैदान होतं?’

हाच प्रश्न तेजसने महासंघाला लेखी विचारला. उत्तर आले नाही. मग त्याने तो वर्तमानपत्रांत छापून आणला, तेव्हा चौकशी समिती नेमली गेली आणि कर्णिकेच्या जनक डॉ. अरुंधती केळुस्कर यांना समितीपुढे उभे राहावे लागले. अध्यक्षांनी तेजसला प्रश्न विचारण्याची मुभा दिली. किसनला भेटल्यापासून तो खेळला नव्हता. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची होती. पंधरा हजार प्रेक्षकांत दहा माणसे जरी आपली असली, तरी त्या दहांसाठी तो पुन्हा अंगणात उतरणार होता.

“मॅडम, शिव्या तुम्ही गाळल्यात. ते कळलं.”

“खेळ बिघडू नये म्हणून, इनामके. तुमच्याच भल्यासाठी.”

“माझं काय भलं झालं, ते किसनकडे बघून आलोय. मला एवढंच सांगा, टाळ्या तरी खऱ्या होत्या ना?”

“ते मी जबाबात लिहून दिलं आहे.”

“तुमच्या तोंडून ऐकायचंय. आज कान मोकळे ठेवून आलोय.”

केळुस्करबाईंनी अध्यक्षांकडे पाहिले. अध्यक्ष कागद चाळू लागले. मग त्या जे बोलल्या, ते लघुलेखकाने असे उतरवून घेतले :

‘तुम्ही जाहीर केल्यानंतरच्या पहिल्या सामन्यात मी अपशब्द वगळले, तेव्हा मागे काही उरलंच नाही. जे शिव्या देत नव्हते, ते गप्प बसले होते. तुम्ही दम सोडून वळून पाहिलंत. तुम्हाला वाटलं, यंत्र बिघडलं. म्हणून दुसऱ्या सामन्यापासून मी तुमच्याच जुन्या सामन्यांतल्या टाळ्या कानात सोडल्या. त्या खऱ्या होत्या. लोकांना तुमच्याबद्दल कळण्यापूर्वीच्या.’