हुडहुडीवरचं हिरवं युग

"अगं मुंगे, इकडे ये! प्रत्येक पायरीवर पांढरा टवका पडलाय!"

घुबडाचा आवाज ऐकून मुंगी दोन-दोन पायऱ्या गाळत खाली आली. घुबड आणि लिंबू ही तिची मामेभावंडं, मामाबरोबर सुट्टीला आलेली; तिघांचीही ही लाडाची नावं. आज सकाळीच तिघांना कळलं होतं, की दादाच्या खोलीतून हुडहुडी गायब आहे. टेबलावरच्या धुळीत फक्त एक स्वच्छ गोल उरला होता.

हुडहुडी म्हणजे एक ग्रह. फुटबॉलएवढा, ज्वालामुखींनी भरलेला आणि तरी कायम गारठलेला. मुंगी आणि तिच्या दादानं तो सिमेंटचा घडवला होता. दर सुट्टीत एकच थर, म्हणजे एक युग. आधी विटांचा चुरा कालवून लाव्हाचं तांबडं युग. मग कोळशाची भुकटी घालून काळं राखयुग. मागच्या सुट्टीत मुंगी म्हणाली होती, "आता राखेत काहीतरी उगवू दे की."

"एवढ्या थंडीत? हे विज्ञान आहे बाईसाहेब, परीकथा नाही," दादा हसला होता.

मुंगी अशी रुसली, की पांढऱ्या हिमयुगाला तिनं हातसुद्धा लावला नाही. दादानं ते एकट्यानंच चढवलं. पुढच्या सुट्टीत बघू, असं तिला वाटलं होतं. पण हिवाळ्यात तापाचं निमित्त झालं आणि दादाच गेला.

"तपास मीच करणार," घुबड म्हणाला. "मागच्या खेपेला इथल्या खिडक्यांसाठी आणलेला हिरवा रंग कमी भरला, तर मीच सांडला म्हणून बाबांनी उगाच माझा कान पिळला होता. आता मी कोणाचा तरी पिळणार."

"मग बाबांचाच पीळ," लिंबू अंगणातून म्हणाली. "त्यांच्या स्कूटरवर बघ काय सांडलंय."

पायदानावर पांढरी भुकटी होती!

"तो गोळा होय?" मामा पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला. "सुताराला दिला. फळ्या चिकटवताना वजन ठेवायला त्याला काहीतरी हवंच होतं."

"आईला विचारलंत?" मुंगी म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? खोली आवरायचीच होती."

सुताराच्या दुकानात भुसा घोट्यापर्यंत साचला होता. ताज्या सरसानं जोडलेल्या फळ्यांवर हुडहुडी बसली होती.

"सारखा गडगडत होता, म्हणून बूड कापून सपाट केलं," सुतार सहज म्हणाला.

मुंगीनं दोन्ही हात पुढे केले. "आमचा आहे तो. द्या ना."

"तुमचाच कशावरून? काहीही मागत येता."

घुबडानं चष्मा वर सरकवला. "बूड तुम्ही कापलंत, म्हणजे आतलं तुम्हीच पाहिलंत. ही न बघता सांगेल. बरोबर आलं तर ग्रह आमचा."

"सांग बघू."

"बाहेरून आत," मुंगी म्हणाली, "पांढरं, मग काळं, मग तांबडं."

"चुकलीस. एक राहिलं."

"शक्यच नाही!"

सुतारानं गोळा उचलून उलटा केला. पांढऱ्या आणि काळ्या कड्यांच्या मधोमध एक बारीक कडं होतं. हिरवंगार. घरच्या खिडक्यांसारखं.

"म्हणजे तो रंग दादानंच..." घुबड बोलू लागला. लिंबूनं त्याला कोपरानं ढोसलं.

मुंगी त्या कड्यावरून बोट फिरवत राहिली. दादानं उगवू दिलं होतं. वर बर्फ घातला आणि एका शब्दानं बोलला नाही. या सुट्टीत सांगणार असेल.

सुताराला काय समजलं कोण जाणे. "ने बाळ," तो हळूच म्हणाला. "कापलेला तुकडा आहे अजून. जोडून देऊ? कळणारसुद्धा नाही."

"नको. दिसू दे."

घरी मामा खजील झाला. "चुकलंच माझं. पण पठ्ठ्यांनो, शोधून काढलंत हं!" त्यानं तिघांच्या पाठी थोपटल्या. मुंगीचं लक्षच नव्हतं. आईनं हुडहुडी मांडीवर घेतली होती.

"हे हिरवं कधी आलं गं?" आईनं विचारलं.

"मी रुसले होते ना, तेव्हा," मुंगी म्हणाली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच आईच्या कुशीत शिरून हमसून हमसून रडली.