अकरा नंबरच्या पेटीतली घुबडं

"रमोना, लगेच ये. मेली गं, सगळी मेली!"

फोनवर लिंडक्विस्ट सर चक्क रडत होते. रानातल्या प्राण्यांचा अभ्यास रमोना अझेवेदो त्यांच्याच हाताखाली शिकली होती. आता ती जिल्ह्याची कृषी निरीक्षक होती. हातातली कॉफी तशीच टाकून ती निघाली.

द्राक्षमळ्यात सर खांबावरच्या अकरा नंबरच्या घुबडपेटीखाली बसले होते. पुढ्यात गोणपाटावर गव्हाणी घुबडांची जोडी आणि पाच पिल्लं. चोचींतून रक्त आलेलं. म्हणजे रक्त पातळ करणारं, उंदरांचं विष.

"हे शेजारच्या गसचंच काम," सर म्हणाले. "कुंपणापलीकडे गोफरांना विष घालतो मेला. त्याचा विषाचा परवाना आजच रद्द कर."

गोफर म्हणजे आपल्या घुशीचा चुलतभाऊ. जमिनीखालून वेलींची मुळं कुरतडतो. विषाचा दाणाही न टाकता, नुसत्या घुबडांच्या जिवावर तो आवरता येतो, हे सरांना सिद्ध करायचं होतं. सगळं खोरं त्यांना हसायचं.

"यंदा आकडे कसे आहेत, सर?"

"निम्मे! तीन वर्षं जैसे थे, आणि फेब्रुवारीपासून गोफर निम्म्यावर आले. आणि नेमकं आत्ता हे..."

गस टँब्लिन आपल्या लसूणघासाच्या शेतात होता. शेजारी दोन नवेकोरे उंच खांब आडवे पडले होते.

"विष घालता?" रमोनाने विचारलं.

"घालायचो. लपवतो की काय? परवाना तुम्हीच दिलाय ना?" त्याने ताडपत्री उचलली. "हे यंत्र ट्रॅक्टरमागून सरळ बोगदा पाडत जातं आणि त्यात दाणे सोडतं. गुडघे गेलेत माझे, बाई. वाकून बिळं कोण शोधणार?"

यंत्रावर कोळ्याची जाळी होती.

"शेवटचं कधी वापरलं?"

"मार्चात. मग बंद."

"का?"

"आहे कारण. तुम्हाला काय करायचंय?" तो चिडला. "म्हाताऱ्याने माझंच नाव घेतलं ना? चोर सोडून संन्याशाला फाशी!"

परवाना गेला की वर्षभरात गोफर हे शेत पोखरून टाकणार आणि गस घुबडमाऱ्या म्हणून बदनाम होणार. रद्द करायचा कागद रमोनाच्या खिशात होता. सही तेवढी बाकी होती.

ती पेटीखाली परतली. घुबड शिकार गिळतं आणि हाडं, केस गोळी करून ओकतं. ताज्या गोळ्यांवर तिने चिप वाचणारं यंत्र फिरवलं. ते सहा वेळा वाजलं. सर आपल्या मळ्यातल्या गोफरांच्या कातडीखाली मोजणीसाठी तांदळाएवढी चिप घालत, त्या सहा चिपा गोळ्यांत होत्या. तिने गोळ्या फोडल्या. चिपांना चिकटून विषाच्या हिरवट दाण्यांचा भुगा होता.

मग ती वेलींखाली ओणवी झाली. मातीच्या प्रत्येक ढिगाऱ्यापासून वीतभर अंतरावर बोटाएवढं भोक होतं, वर ढेकूळ नीट बसवलेलं.

"सर, विष गसच्या शेतात नाही, तुमच्या मळ्यात आहे," ती म्हणाली. "गोफर आपलं बीळ सोडून फिरत नाही. गालाच्या पिशवीत विषाचे दाणे भरलेले हे सहा तुमचेच. नवखा माणूस ढिगाऱ्यातच दाणे ओततो. मुख्य बोगदा वीतभर बाजूला असतो, सळईने चाचपून भोक पाडायचं आणि वर ढेकूळ ठेवायचं. माझा हात धरून तुम्हीच शिकवलंत ना हे?"

सरांनी एक ढेकूळ उचलून बोटांनी चुरलं.

"घुबडांनी गोफर कमी होईनात, म्हणून तुम्ही विष घातलंत आणि श्रेय घुबडांना दिलंत."

"मला वाटलं, बिळातच मरतील."

"विष चढलं की गोफर झिंगून वर येतो. घुबडाला आयता सापडतो. तुम्हाला हे ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं गं." ते पिल्लांकडे बघत होते. "एकच वर्ष आकडे चांगले दिसले असते, तर खोऱ्याने कायमचं विष सोडलं असतं."

"आणि गसला बळी देणार होता? लाज नाही वाटली?"

रमोनाने कागदावरचं गसचं नाव आणि 'परवाना रद्द' खोडलं, सरांचं नाव आणि 'बिनपरवाना विष' लिहिलं आणि सही केली.

कुंपणापाशी गस उभा होता. "बाई, ते खांब घुबडांच्या पेट्यांसाठी आणलेत. म्हाताऱ्याचे आकडे ऐकले, म्हटलं चला, विष बंद करून बघू. ही मेली तरी दुसरी येतील की." त्याने सरांकडे पाहिलं. "आकडे खरे आहेत ना?"

सरांनी मान खाली घातली.

"नाहीत," रमोना म्हणाली.

गस वळून आपल्या शेतात गेला. त्याने विषाच्या यंत्रावरची जाळी हाताने पुसली आणि ते ट्रॅक्टरला जोडलं.