डावीकडची काच

आमच्या गाडीची डावीकडची काच वर जायला पहिल्यापासून नखरे करायची. खाली यायला तिची ना नसे. वर जाताना मात्र अर्ध्यावर येऊन कण्हायची आणि थांबायची. मी नोकरीभर लिफ्टा तपासल्या. मोटर, दोरी आणि वजन यांच्यापलीकडे वस्तू वर-खाली नेणारं जगात काही असतं, यावर माझा विश्वास नाही. त्यामुळे बायकोच्या हाती आयतंच कोलीत मिळालं होतं. लोकांच्या लिफ्टा वर नेता, घरची एक काच नेता येत नाही, असं ती येता-जाता ऐकवायची.

तरीही काच दुरुस्त झाली नाही, कारण आमची एक पद्धत बसून गेली होती. इमारतीखालची आमची जागा डाव्या भिंतीला इतकी खेटून आहे, की गाडी आत लावली की त्या बाजूचं दारच उघडत नाही. म्हणून मी खाली जाणाऱ्या उताराच्या तोंडाशी थांबायचो आणि ती आधी उतरायची. तिला गाडीत वारा लागायचाच, त्यामुळे काच खाली असायची. बाहेर उभी राहून ती काच दोन तळव्यांत धरायची, डावा बाहेरून, उजवा आतून. मी बटण दाबलं की ती रेटा द्यायची. काच बंद झाली की पुढे जाऊन घर उघडायची. मी वर पोचेपर्यंत दिवे लागलेले असत.

ती गेल्या हिवाळ्यात वारली. दवाखान्यातून मी एकटाच गाडी घेऊन परत आलो आणि सवयीने उताराच्या तोंडाशी थांबलो. काच रस्त्यातल्या धक्क्यांनी घसरून खाली गेली होती. बटण दाबलं. काच कण्हली नाही, अडली नाही, बेताने वर गेली आणि बंद झाली. त्या दिवशी मला कशाचंच भान नव्हतं.

पुढे रोजच तसं होऊ लागलं. दिवसभर ती खाली पडलेली असायची, कितीही बटण दाबा, ढिम्म. फक्त उताराशी वर जायची. तिथे गाडी तिरकी उभी राहते, वजन एका बाजूला पडतं, अशी माझी मी समजूत घालून घेतली. मग एका संध्याकाळी समोरून ऊन आलं आणि काचेवर दोन तळवे दिसले. एक आतून, एक बाहेरून. बाहेरचा डावा होता आणि त्याला करंगळी नव्हती. बायकोची डावी करंगळी लहानपणी दारात चेमटली होती. ती कायमची वाकडी राहिली, सपाट कशाला टेकायचीच नाही.

मी काच स्वच्छ पुसली. दुसऱ्या दिवशी ठसे तिथेच होते.

भीती वाटली नाही. बरं वाटलं, फार बरं वाटलं. मी काहीतरी निमित्त काढून बाहेर पडू लागलो. सकाळी साबण आणायचा, दुपारी काडेपेटी, संध्याकाळी पुन्हा साबण. दुकानदार एकदा म्हणाला, की काका, एकदाच यादी करून या ना. त्याला काय सांगणार, की मला सामान नकोय, मला घरी परत यायचंय. वर गेल्यावर घर अंधारातच असे, हे खरं. पण कुलूप काढताना मी, ती आत असताना खाकरायचो तसा, घसा खाकरायचो.

थंडी पडली तशी मुलगी फोनवर मागे लागली. उघड्या काचेनिशी फिरून छातीत कफ भरेल, ती काच आधी करून घ्या, एवढाच तिचा घोषा. मला ती दुरुस्त व्हायला नकोच होती. पण जन्मभराची तपासायची खोड, तीही स्वस्थ बसू देईना. शेवटी गाड्यांची वायरिंग करणाऱ्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडे गेलो.

त्याने दाराचं आतलं पॅनेल काढलं आणि टॉर्च लावून डोकावला. मग मला वाकून बघायला सांगितलं. मोटर जळून काळी पडली होती. काच वर ओढणारी तार तुटून तळाशी गुंडाळी होऊन पडली होती आणि तिच्यावर गंज चढला होता. काचेला खालून कशाचाच आधार नव्हता.

"शेवटची वर कधी गेली होती?" त्याने विचारलं.

"काल."

"हाताने?"

"बटणाने."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तारेकडे. तारेचं एक टोक चिमटीत धरलं, तर त्याचा भुगा झाला. "काका, ही वर्षभरात हललेली नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

मी लिफ्टा तपासलेला माणूस. दोरी तुटली की डबा खाली येतो, वर जात नाही. हे मला कुणी शिकवायला नको होतं.

नवी मोटर मागवावी लागणार होती. तोवर काच पडू नये म्हणून त्याने ती हाताने वर सरकवली आणि दाराच्या पोटात खालून एक लाकडी गुटका ठोकून बसवला. आता कुणी लोंबकळलं तरी ही खाली यायची नाही, असं म्हणाला. एरवी चहा घेतल्याशिवाय न सोडणारा माणूस, पण त्या दिवशी त्याने पॅनेल घाईने बसवलं.

वाटेत वारा नव्हता. गाडी उबदार होती, इतकी की मला पेंग येऊ लागली. उताराशी आलो तेव्हा काच बंदच होती, थांबायचं काही कारण नव्हतं. मी सरळ आत गेलो आणि गाडी भिंतीला लावली.

वर येऊन कुलूप काढताना घसा खाकरला. आवाज वेड्यासारखा वाटला. घर रिकामं होतं. रोजच असतं, पण त्या संध्याकाळी मला ते पहिल्यांदा कळलं, आणि मी चपला न काढता दारातच बसून रडलो.

सकाळी साबण आणायला खाली उतरलो. माझ्या बाजूच्या दाराने आत बसलो. गाडीतली हवा कोंदट होती.

डावी काच ठशांनी भरली होती.

मी हात लांब करून एकावर बोट फिरवलं. पुसला गेला. म्हणजे आतून होता. उजवेही आतून, डावेही आतून, करंगळीची जागा मोकळी. प्रत्येक तळवा वरून खाली ओढत आणलेला होता.

काल मी उताराच्या तोंडाशी थांबलो नव्हतो.

बटण खाली दाबलं. नुसता खटका वाजला. पुन्हा दाबलं.

काचेच्या तळाला, जिथे ती दारात शिरते तिथे, तळवा नव्हता. फक्त बोटांची टोकं उमटली होती. ती अजून ओली होती.