किनारा रिकामा आहे

"ताई, आज तू सुनावणीला येऊ नकोस..." गळ्याचं बटण लावत भाऊ म्हणाला, आणि तिच्या हातातली गरम इस्त्री जागीच थबकली!

"का रे? तुझी बहीण लोकांची जाळी शिवते, याची साहेबांपुढे लाज वाटते?"

"तसं नाही गं..." त्याने मान वर केली नाही.

आई गेल्यावर याच भावासाठी तिने दारी आलेलं चांगलं स्थळ परत पाठवलं, बोटांना भेगा पडेपर्यंत जाळी शिवली आणि त्याला शिकवून नियोजन कार्यालयात नकाशे काढायला बसवलं... आणि आज त्याच कार्यालयाला बोटींचा किनारा काढून घेऊन तिथे हॉटेलं उभारायची होती! सगळी वस्ती हरकत घ्यायला निघाली होती. ती कशी घरी बसणार?

सभागृहात साहेबांनी अहवाल वाचला. "स्थानिक रहिवाशाच्या सांगण्यानुसार किनारा दिवसभर रिकामा असतो. सबब, जागा वापरात नाही."

"कोण तो शहाणा?" बोटी बांधणारा सुतार गरजला. "नाव सांगा!"

तिला आपलेच शब्द आठवले. महिन्यापूर्वी चहा पिताना भावाने सहज विचारलं होतं, दुपारी किनारा कसा असतो गं, आणि ती हसून म्हणाली होती, "रिकामा! अगदी रिकामा!" त्या वस्तीत या शब्दाचा एकच अर्थ होता: सगळ्या बोटी पाण्यात, एकही दुरुस्तीला पडलेली नाही, घरोघरी चूल पेटणार.

साहेबांनी भावाकडे पाहिलं. भाऊ समोरचे नकाशे चाळू लागला... आणि ती उठली.

"मी म्हणाले, साहेब. रिकामा म्हणजे बोटी कामावर गेलेल्या. मीच नीट सांगितलं नाही. त्याची काही चूक नाही."

"खुलाशाची मुदत कालच संपली," साहेब म्हणाले आणि त्यांनी पान उलटलं.

"भावाच्या खुर्चीसाठी आम्हा सगळ्यांना बुडवलंस गं!" सुताराची बायको रडत ओरडली.

ती घरी पोचण्याआधीच बायका ओसरीवरची आपापली जाळी उचलून घेऊन गेल्या होत्या, अर्धवट शिवलेलीसुद्धा.

संध्याकाळी भाऊ आला आणि तिच्या पायांशी कोसळला.

"ताई... मला अर्थ माहीत होता गं!"

"मला का ठाऊक नव्हतं?" तिचा आवाज कोरडा होता. "लहानपणी दारातून तूच ओरडायचास, 'ताई, किनारा रिकामा, चहा टाक!' आईनंतर तुला मीच वाढवलं ना... भर सभेत तुला खोटारडा कसं म्हणू?"

तो हुंदके देत राहिला. न राहवून तिने त्याच्या केसांवरून हात फिरवला.

"उद्या सकाळी लेखी देतो, मी जाणूनबुजून लिहिलं म्हणून. जाऊ दे नोकरी! तुझ्याशेजारी बसून जाळी शिवीन, ताई..."

तिने मोकळ्या ओसरीकडे पाहिलं.

"कोणाची रे?" तिने विचारलं.